सेकंदाला बारा चित्रं

तृप्ती हावळला आपल्या वडिलांचा आजार ते जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर कळला, आणि तोही एका शनिवारी सकाळी, चहा गाळता गाळता. सांगणारं माणूस कुणी नव्हतं. ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेली पाटी बोलली.

पाटी म्हणजे हातात मावणारा, पुठ्ठ्याइतका पातळ पडदा. कंपन्यांनी त्याला भारी भारी नावं दिली होती, पण लोकांनी एकदा पाटी म्हटलं ते म्हटलं. २०४३ साली फोन, टीव्ही, दवाखान्यातली नर्स आणि घरातली चोंबडी आत्या हे सगळं त्या एका पाटीत भरलेलं होतं. आत्ता बोलली ती बहुधा आत्याच.

"महादेव सातपुते. चित्रणाच्या वेळी वय एकोणचाळीस," पाटी म्हणाली. "उजव्या अंगठ्याला विश्रांतीच्या स्थितीत थरथर, सेकंदाला पाच वेळा. कंपवाताच्या सुरुवातीची शक्यता सत्त्याऐंशी टक्के."

तृप्तीने गाळणं खाली ठेवलं. ओट्यावर सांडलेला चहा पुसला. मग आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघितलं. तो गप्प होता, जसं काही आपण त्या गावचेच नाही.

सगळं त्या अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी नवी पाटी घरात आली आणि आठवड्याच्या आत तिने कळवलं, की पेपर तपासताना तुमचा अंगठा थरथरतो. तृप्ती कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची. तपासायला पेपर मुबलक, त्यामुळे पाटीला पुरावाही मुबलक मिळाला. नवरा केदार म्हणाला, "मला तर पहिल्यापासून दिसतं ते. मला वाटायचं, तू विचार करतेस." तिला ते बोलणं हसण्यावारी नेल्यासारखं वाटलं आणि ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

मेंदूच्या डॉक्टर नाडगौडा बाईंनी तिला हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, "आता शंभरातून सात सात वजा करत या." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बहात्तरपर्यंत जाईतो अंगठा हलायला लागला होता. मन दुसरीकडे गुंतलं की या आजारातली थरथर उघडी पडते, म्हणून डॉक्टर लोक ही वजाबाकी करायला लावतात. थरथरीचा वेग मात्र या आजारात असतो त्याच्या निम्माच होता. स्कॅन धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. जनुकांच्या तपासणीत काही निघालं नाही, पण जनुकांत न सापडणारा कंपवातही काही घराण्यांत चालत येतो.

"घरात कुणाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"नाही, की माहीत नाही?"

"माहीत नाही," तृप्ती म्हणाली. तिचे वडील, अण्णा, गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हमरस्त्यावरच्या अपघातात गेले, बेचाळिसाव्या वर्षी. आज ती स्वतः बेचाळीस वर्षांची होती.

पूर्वी हा प्रश्न इथेच संपला असता. पण आता 'वंशदृष्टी' आली होती, जुन्या चित्रणांतून घराण्यातले आजार हुडकणारी. तिच्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. माणसाला आजार कळण्याच्या दहा दहा वर्षं आधी शरीर चुगली करत असतं. पापण्या कमी लवतात, चालताना एक हात हलायचा राहतो, हसताना ओठांचा एक कोपरा मागे पडतो. डॉक्टरांच्या डोळ्यांना हे दिसत नाही, यंत्राला दिसतं. आणि गेल्या पन्नास वर्षांत माणसांनी लग्नं, मुंजी, बारशी, सहली यांची इतकी चित्रणं करून ठेवली होती, की प्रत्येक घराण्याचा वैद्यकीय इतिहास कपाटात पडून होता. फक्त वाचायचा होता. वाचायला लागल्यावर जे व्हायचं ते झालंच. स्थळ बघायला येणारी मंडळी पत्रिकेच्या आधी आजोबांच्या लग्नाचं चित्रण मागू लागली. ज्यांच्या घरात चित्रणच नाही, त्यांच्याकडे लोक संशयाने बघू लागले.

अण्णांचं चित्रण एकच होतं. २००९ साली दिलीपमामाने नवा कॅमेऱ्याचा फोन घेतला होता, बटणांचा, काडेपेटीएवढ्या पडद्याचा. इचलकरंजीला बहिणीकडे आल्यावर त्याने ते काढलं होतं. मामाच्या संगणकावर ते इतकी वर्षं पडून होतं. मामा असतानाच तृप्तीने ते तेव्हाच्या पाटीवर आणलं, तर पाटीला ती फाईल उघडेचना. इतक्या जुन्या प्रकारची फाईल वाचायचं नव्या यंत्रांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मग केदारने सगळे करतात तेच केलं. 'कायापालट'मध्ये टाकली.

कायापालट काय करायचं ते इथे सांगायला हवं. जुन्या फोनवर सेकंदाला बाराच चित्रं निघायची, तीही पोस्टाच्या तिकिटाएवढी. पाटीला सेकंदाला साठ लागतात, आणि सगळी सुईच्या टोकासारखी स्पष्ट. म्हणजे दर दोन चित्रांच्या मध्ये चार नवी चित्रं कुणीतरी काढायला हवीत. ती कायापालट काढायचं. कोट्यवधी चित्रणं बघून ते शिकलेलं होतं, की असा चेहरा असला तर त्यावर सुरकुती कुठे असेल, असं पान असलं तर ते वाऱ्यावर कसं हलेल. शिवाय ते मागचा गोंगाट पुसायचं, बोलणाऱ्या माणसाभोवतीचा पसारा कापायचं, कुणी बोलत नसेल तो भाग गाळायचं. आणि काम झालं की जागा अडू नये म्हणून जुनी फाईल पुसून टाकायचं. सुटसुटीत काम.

अण्णांचा चेहरा पाटीवर पहिल्यांदा स्पष्ट दिसला तेव्हा तृप्ती रडली होती. दाढीचे खुंट दिसत होते. आवाज तर असा, की माणूस शेजारी बसलाय. ते एक मिनिट दहा सेकंद तिने इतक्या वेळा बघितले, की त्याआधीचे अण्णा कसे आठवायचे तेही ती विसरली.

आता तेच चित्रण वंशदृष्टीला दिल्यावर त्यात अण्णांचा अंगठा मांडीवर थरथरत होता. पाटीने त्याभोवती लाल गोल काढून दाखवला होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

तिने इचलकरंजीला आईला फोन लावला.

"आई, अण्णांचा हात थरथरायचा का?"

"कुणाचा? तुझ्या अण्णांचा?" शालनताई म्हणाल्या. "सुईत दोरा ओवून द्यायचे मला. कवा थरथरला न्हाई."

"पाटीत दिसतंय."

"पाटीनं बघितलं हुतं काय त्यास्नी? मी चौदा वर्सं बघितलं."

तृप्तीच्या डोक्यात तीन महिन्यांचं साचलेलं होतं, ते तोंडावाटे बाहेर पडलं. "माझ्या लग्नात अडचण येईल म्हणून लपवलंस ना? सगळेच लपवतात. पण मला तरी सांगायचंस. माझ्या जिवाचा प्रश्न आहे."

शालनताई म्हणाल्या, "आगं, तुझा अंगठा तर..." पण तोवर तृप्तीने फोन ठेवला होता.

सत्त्याऐंशी टक्के. वर्गात ती मुलांना दरवर्षी सांगायची, की आकडा कुठून आला ते आधी विचारा. स्वतःवर पाळी आल्यावर मात्र तिने आकड्याला काही विचारलं नाही, जन्मदात्या आईला विचारलं. हे तिच्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टर नाडगौडांपुढे आता चित्र सरळ होतं. चाळिशीच्या आत वडिलांना सुरुवात, त्याच हाताला, त्याच बोटाला. उपाय होता. रुग्णाच्याच कातडीपासून वाढवलेल्या पेशी मेंदूत नेमक्या जागी रोवायच्या. जितकं लवकर कराल तितकं चांगलं, पण एकदा रोवलं की परत काढता येत नाही. आणि पन्नासात एका माणसाची बोलण्याची लय बिघडते, शब्द अडखळत येतात.

"मी शिकवते," तृप्ती म्हणाली.

"म्हणूनच मी घाई केली नसती," डॉक्टर म्हणाल्या. "वडिलांचं नसतं तर म्हटलं असतं, वर्षभर थांबू, बघू. पण हे असताना थांबणं म्हणजे पेशी हातच्या घालवणं. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला जागा आहे. फक्त एक कागद लागेल. गेलेल्या माणसाचं चित्रण पुरावा म्हणून धरायचं तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तुमच्या आई आहेत ना?"

त्या सहीसाठी तृप्ती रविवारी इचलकरंजीला गेली. केदार येतो म्हणत होता, तिने नको म्हटलं. आईशी काय बोलायचं ते तिचं तिलाच ठरत नव्हतं.

गल्लीत पाऊल टाकलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि कुठे पोर रडलं तरी ऐकू येत होतं. एके काळी या गल्लीत दोन माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची. घराघराच्या मागे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचं शेड, आणि चोवीस तास खटाक् खटाक्. आता ते माग भंगारात गेले, नवे हवेवर चालणारे माग गावाबाहेर वसाहतीत गेले. महादेव सातपुते जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा कारागीर. घराच्या भिंतीला लागूनच मालकाचं शेड होतं, चोवीस माग, आणि त्या चोवीसांची दुखणीखुपणी अण्णांच्या अंगावर.

शालनताईंनी दार उघडलं, पाणी दिलं. फोनवरच्या बोलण्याचा विषय काढला नाही. ताटात भाकरी वाढून झाल्यावर तृप्तीने कागद पुढे केला.

"कसली सही?"

तृप्तीने सांगितलं. रोपण, चार तारीख, सगळं सांगितलं. बोलणं बिघडण्याचा भाग तिने आधी गाळला, मग तोही सांगितला.

शालनताई कागदाकडे बघत राहिल्या. "म्हंजे ह्येच्यावर मी सही केली की तुझ्या डोक्याला भोक पाडणार."

"आई, बघ तरी एकदा. तू बघितलंच नाहीस ते."

हे खरं होतं. पाटीवर अण्णा आले तेव्हा सगळ्यांनी बघितलं, शालनताई स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. मला बघवत न्हाई, म्हणाल्या होत्या. आज त्यांनी चष्मा पुसला आणि पाटी हातात घेतली.

पडद्यावर अण्णा कॉटवर बसले होते. पांढरा बनियन, हात मांडीवर.

"दाजी, इकडं बघा. हसा की जरा," मामाचा आवाज.

"हसायला काय झालंय," अण्णा म्हणाले आणि हसलेच. मग मामा पोरीच्या शिक्षणाबद्दल काहीतरी विचारत होता आणि अण्णा म्हणत होते, "शिकू दे की तिला पायजे तेवढं." एक मिनिट दहा सेकंद. पाटी थांबली.

शालनताईंचे डोळे भरले होते, पण कपाळाला आठी होती. "हे कवाचं हाय?"

"दोन हजार नऊचं. मामाने काढलेलं."

"ह्यात माग बंद हायत."

"काय?"

"माग बंद हायत गं. ऐक की. कायसुदिक आवाज न्हाई." त्यांनी पाटी कानाला लावली, परत डोळ्यांपुढे धरली. "माग बंद आनि तुझं अण्णा कॉटवर हसत बसल्यात? चोवीसातला एक बंद पडला तर जेवत्या ताटावरनं उठायचे ते. माग चालू असले तरच हा माणूस बसायचा. हे खोटं हाय, तृप्ती. चेहरा त्यांचा हाय, पन हे खोटं हाय."

अकरा वर्षं तृप्ती त्या खटखटाटात वाढली होती. त्यातच झोपली, त्यातच पाढे पाठ केले. मागाचा आवाज तिच्या लेखी आवाज नव्हताच, ती शांतताच होती. म्हणून तो नाही हे तिला कधी जाणवलं नाही. मागावर वाढलेल्या माणसाखेरीज ही चूक कुणी केली नसती. आणि पकडलीही नसती.

"गोंगाट पुसतात ते," ती हळूच म्हणाली. "स्वच्छ करताना."

"मग आनि काय काय पुसलंय?" शालनताईंनी विचारलं.

हा प्रश्न खरं तर संख्याशास्त्राच्या बाईंनी विचारायला हवा होता.

मूळ फाईल कायापालटने पुसली होती. मामा दोन वर्षांपूर्वी गेला, त्याचा संगणकही भंगारात गेला. पण शालनताई उठल्या, देव्हाऱ्याखालचा हळदीकुंकवाचा जुना डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेलं नखाएवढं काळं कार्ड होतं. अण्णा गेले त्या वर्षी मामाने आणून दिलेलं. "ह्यात दाजी हायत, म्हणाला हुता. मी म्हटलं, असू देत."

शाहू पुतळ्याच्या पुढच्या बोळात रियाज मोमीनचं दुकान होतं. साठीला आलेला माणूस, मोबाइल दुरुस्ती करत आयुष्य गेलेलं. नव्या पाट्या उघडताच येत नाहीत म्हणून आता कुलपं आणि मिक्सर दुरुस्त करायचा. शालनताईंना बघून उठला.

"या भाभी. जॉबरमामांची पोरगी न्हवं ही?"

कार्ड बघून त्याने मान हलवली. "एकतीस वर्सं? गंजलं असलं तर खुदालाच म्हाईत." मग त्याने खोडरबर घेतला आणि कार्डाचे पिवळे पत्रे हलक्या हाताने घासायला लागला, एखाद्या बाळाचे कान पुसावे तसे. खणातून एक जुना बटणांचा फोन काढला, वायर जोडली, कार्ड घातलं. फोनने कार्ड ओळखलं नाही. परत घासलं, परत घातलं. नाही.

चार तारीख, कागद, अडखळणारे शब्द, सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यावर येऊन थांबलं होतं.

"कायापालट करू का?" रियाजने विचारलं. "त्याला अर्धंमुर्धं वाचता आलं तरी बाकीचं भरून देतंय."

"नको," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

रियाजने दुसरा फोन काढला, त्याच्या अब्बांच्या वेळचा. त्यात कार्ड घालून त्याने बॅटरीचं झाकण अंगठ्याने दाबून धरलं. पडद्यावर एक यादी उमटली. यादीत एकच नाव. दोन मिनिटं चार सेकंद.

"एक दहाचं होतं ना?" तृप्ती पुटपुटली. रियाजने बटण दाबलं.

आधी आवाज आला. त्या फुटक्या स्पीकरमधून चोवीस माग एकदम दुकानात घुसले. बोळातून जाणारा एक म्हातारा थबकला आणि आत डोकावला. गदारोळातून एक ठोका वर येत होता, भिंतीलगतच्या मागाचा, खटाक्, खटाक्, सेकंदाला अडीच. शालनताईंनी तोंडाला पदर लावला.

मग चित्र. ठिपक्या ठिपक्यांचे अण्णा, नाक कुठलं आणि मिशी कुठली ते ओळखून घ्यायचं. पण मांडीवरचा अंगठा दिसत होता. तो थरथरत नव्हता. तो ठेका धरत होता. प्रत्येक खटाक् बरोबर एक टिचकी. चित्र अंधुक असल्याने टिचकीच्या वेळी अंगठा पुसट व्हायचा, आणि त्या पुसट डागाचं काय करायचं हे कायापालटला कळलं नव्हतं. ठोका तर त्याने आधीच पुसला होता. मग मांडीवर सैल ठेवलेल्या हाताचा अंगठा पुसट दिसला, तर शिकताना त्या जागी जे सगळ्यात जास्त वेळा बघितलं होतं, ते त्याने तिथे भरलं. दवाखान्यांतल्या चित्रणांतला कंप. एका टिचकीच्या दोन थरथरी केल्या, अडीचाचे पाच केले.

"कान मागाकडं असायचा त्यांचा," शालनताई म्हणाल्या. "माझ्याशी बोलताना पन. ठोका चुकला की उठलेच."

आणि चित्र कापलेलं नव्हतं. कॉटच्या पायाशी, फरशीवर पालथी पडून एक आठ वर्षांची मुलगी वहीत गणितं करत होती. दोन वेण्या, तोंडात पेन्सिलीचं टोक. तृप्तीने फोन डोळ्यांजवळ नेला. मुलीचा उजवा अंगठा फरशीवर वाजत होता. खटाक्, खटाक्. बापाच्या अंगठ्याबरोबर, एकाच ठोक्यावर, आणि दोघांपैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

सव्वा मिनिटाला लाईट गेली. तेव्हा भारनियमन असायचं. वरची ट्यूब विझली, माग धडधडत धापा टाकत थांबले. अण्णांचा अंगठा त्याच क्षणी थांबला. फरशीवरचाही थांबला. वीसेक सेकंद कुणीच काही बोललं नाही, आणि बोलणं संपलं असं धरून कायापालटने चित्रण इथेच तोडलं होतं.

अण्णा उठले. शेडाकडे निघाले. दारात जाऊन वळले, आणि मामाला नाही, कॅमेऱ्यालाही नाही, खाली फरशीकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "तृप्ते, लाईट गेली म्हणून तू कशाला थांबलीस? तुझा माग चालू ठेव."

मुलीने मान खाली घातली. अंगठा परत वाजायला लागला.

दुकानात तृप्ती स्टुलावर बसली आणि रडली. या वेळचं रडणं निराळं होतं. तीन महिने छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं आणि पोटभर श्वास येत होता. रियाज पाठ करून मिक्सरचं पातं शोधायला लागला.

"आई, मी तुला नको ते बोलले."

"बोललीस खरी," शालनताई म्हणाल्या. "तुझा अंगठा ल्हानपनापास्नं हलतोय, हेच सांगत हुते त्या दिवशी. फोन ठिवलास." मग त्यांनी लेकीचा हात आपल्या हातात घेतला. "तुला यंत्राचं पटलं, माझं पटलं न्हाई, ह्ये मातुर लागलं मला. आता असू दे. ऊठ, तोंड पूस."

मंगळवारी डॉक्टर नाडगौडांनी तो जुना फोन हातात घेऊन तीनदा बघितलं. मग उठल्या आणि दार लावून घेतलं. रियाजने फक्त आवाज वेगळा काढून दिला होता, जसाच्या तसा. तो त्यांनी पाटीवर घेतला.

"आजाराची थरथर कुणाचं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर बँड वाजू दे नाहीतर भूपाळी, ती आपल्याच वेगाने चालते. सवय मात्र ठेक्याच्या मागे जाते. हात मांडीवर ठेवा. शंभरातून सात."

त्र्याण्णव, शहाऐंशी. खोलीत माग सुरू झाले. अंगठा हलला, सेकंदाला अडीच. डॉक्टरांनी आवाजाचा वेग कमी केला. माग संथ झाले, म्हातारे झाले. अंगठाही संथ झाला. वेग वाढवला, तर अंगठा धावायला लागला. शालनताई कोपऱ्यातल्या खुर्चीतून बघत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.

"तीस, तेवीस, सोळा," तृप्ती म्हणत होती.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पाटी बंद केली. "ही परीक्षा जुनी आहे. मला शिकवलेली आहे. वजाबाकी करायला लावली, पण ठेका द्यायचं सुचलं नाही. वंशदृष्टीचा आकडा आला आणि मी पुढे विचारच केला नाही. मी तुम्हाला चार तारखेला झोपवणार होते, तृप्तीताई. माफ करा."

"मीही नाही विचार केला," तृप्ती म्हणाली. "आणि माझा तर तो धंदा आहे."

"वर्षातून एकदा येऊन दाखवून जा. शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही."

"सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता," तृप्ती म्हणाली, आणि तिघी हसल्या.

"मग सही?" शालनताईंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "आनलाय मी. करू का फाडू?"

"फाडा," डॉक्टर म्हणाल्या. शालनताईंनी तो मोठ्या समाधानाने चार तुकडे करून टोपलीत टाकला.

त्या संध्याकाळी आई मुक्कामाला होती. केदारने भजी तळायला घेतली होती आणि स्वयंपाकघरात सासू-जावयाचा तिखटावरून वाद चालला होता. तृप्ती बाहेरच्या खोलीत पेपरांचा गठ्ठा घेऊन बसली. सव्विसाव्या पेपरात एका मुलाने उत्तर बरोबर काढलं होतं, पण कुठून काढलं ते लिहिलं नव्हतं. ती पुन्हा वरून वाचू लागली.

पाटी बोलली. "उजव्या अंगठ्याला थरथर आढळली आहे. कारण निवडा. आजार, औषध, थकवा, इतर."

तृप्तीने 'इतर'वर बोट ठेवलं. खाली लिहायला एक ओळ उघडली. तिने लिहिलं, "माग चालू आहेत."

मग पाटी पालथी ठेवली आणि सत्ताविसावा पेपर घेतला.